आधी तेल, मग गॅस

टाटांची सिएरा १९९१ मध्ये बाजारात आली, पिंपरीतल्या टेल्कोच्या कारखान्यातून. त्या काळातल्या गाड्यांच्या एसीत आर-१२ हा गॅस असे. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याच्यावर गदा आणली. भारतात १ जानेवारी २००३ पासून नव्या गाड्यांच्या एसीत तो वापरायला बंदी आली आणि १ ऑगस्ट २००८ ला त्याचं उत्पादनही थांबलं. आज कुणी ‘अस्सल आर-१२ आहे माझ्याकडे’ म्हणालाच, तर सिलिंडरकडे संशयानेच पाहावं.

निगडीतल्या एका निवृत्त फिटरकडे अशीच नव्वदच्या दशकातली सिएरा आहे. जिवापाड जपलेली. एसी गार करेना, म्हणून एका गॅरेजवाल्याने त्यात आर-१२ ऐवजी आर-१३४ए हा नवा गॅस भरून दिला. काम तासाभरात उरकलं, पैसेही बेताचेच. काही आठवडे गाडी झकास गार झाली. मग आंबेठाण चौकातल्या दुपारच्या कोंडीत कॉम्प्रेसर किंचाळायला लागला आणि चाकण ओलांडायच्या आत जाम झाला.

कॉम्प्रेसर खोलला तर आत तेलाचा थेंब नाही. होती ती ॲल्युमिनियमच्या चुऱ्याची राखाडी पूड. बोटावर घेऊन चोळली तर खरखरत होती. ‘सगळी नोकरी बेअरिंगला ग्रीस घालण्यात गेली, आणि माझाच कॉम्प्रेसर कोरडा मेला,’ असं ते गृहस्थ अजून सांगतात.

तेल गळालं नव्हतं, ते आतच अडकून पडलं होतं. आर-१२ बरोबर खनिज तेल चालतं. ते त्या गॅसमध्ये विरघळतं, त्याच्याबरोबर सगळ्या नळ्यांतून फिरतं आणि पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये येतं. आर-१३४ए मध्ये मात्र हे तेल विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून राहतं आणि कॉम्प्रेसर उपाशी मरतो. म्हणजे बदलायचं असतं ते मुख्यतः तेल. गॅसचा नंबर त्यानंतर.

नंतर चिंचवडच्या एका जुन्या मिस्त्रीने हे काम रीतसर केलं. अशा कामात आधी उरलेला आर-१२ मशीनने काढून घ्यायचा असतो. तो हवेत सोडणं हा शुद्ध दांडगेपणा आहे, कारण तापमानवाढीत त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार किलोंना भारी पडतो. मिस्त्रीने कॉम्प्रेसर बदलला, कॉइल आणि नळ्या फ्लश केल्या. ड्रायर नवा बसवला, कारण जुन्या ड्रायरमधले ओलावा शोषणारे दाणे नव्या गॅसला चालत नाहीत. काळ्या ओ-रिंगा काढून हिरव्या घातल्या. तेल एस्टर जातीचं निवडलं. नव्या गाड्यांतलं पॅग तेलही चालतं, पण जुन्या गॅसचे अंश राहिले तर ते बिघडतं. शिवाय हवेतला ओलावा ते भराभर ओढतं, त्यामुळे गॅरेजच्या फळीवर बूच उघडून ठेवलेला डबा दिसला तर त्यातलं तेल घालू देऊ नये.

मग नायट्रोजन भरून लिकेज तपासलं आणि चांगला पाऊण तास व्हॅक्यूम मारला. गॅस वजनावर भरला, आर-१२ च्या मूळ वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्के. इथेच घाई नडते. गार होत नाही म्हणून आणखी गॅस कोंबला की प्रेशर चढतं आणि थंडावा उलट घटतो.

एवढं करूनही उभ्या गाडीत एसी थोडा कमीच गार करेल, हे धरून चालावं. आर-१३४ए ला मोठ्या कंडेन्सरची गरज असते. जुन्या कंडेन्सरपुढे जोरदार पंखा लावला तर नाशिक फाट्याच्या सिग्नलला फरक जाणवतो. कंडेन्सर बदलायचाच असेल तर आजच्या पद्धतीचा, समांतर नळ्यांचा घ्यावा.

स्वस्त सिलिंडरचा मोह तर अगदीच टाळावा. भेसळीचा आर-१३४ए जीव घेऊ शकतो. २०११ मध्ये जहाजाने माल नेणाऱ्या थंड कंटेनरांचे स्फोट होऊन व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये तीन कामगार गेले. त्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं आणि ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन आपोआप पेटणारं द्रव्य तयार झालं होतं. काही जण एसीत चक्क स्वयंपाकाचा गॅस भरतात. केबिनमध्ये गळती झाली तर काय होईल, ते सांगायला नको.

आर-१३४ए सुद्धा कायमचा नाही. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीनुसार २०२८ पासून भारतात अशा गॅसच्या वापराला मर्यादा येईल आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कपात होईल. परदेशातल्या नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ आला आहे. तो थोडाफार ज्वलनशील आहे, त्यामुळे जुन्या एसीत असाच ओतायचा नसतो.

काम झाल्यावर गॅसचं नाव, वजन, तेलाचा प्रकार आणि तारीख बिलावर लिहून घ्या आणि त्याची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवा. पुढच्या मिस्त्रीने गेज लावण्याआधी ती वाचली पाहिजे.