शेपटीकडे लक्ष द्या



आमच्या वर्गात पंचवटीतल्या एक ताई येतात. त्यांना सिन्नरच्या एका कारखान्यातून मुलाखतीचे बोलावणे आले. आदल्या दिवशी मोबाइलवर इंग्रजीत आणखी एक निरोप आला. त्यात 'पुट ऑफ' असे दोन शब्द होते. 'पुट' म्हणजे ठेवणे, हे ताईंना ठाऊक होते. त्यांनी अर्थ लावला, "मुलाखत ठेवली आहे." कामावर खाडा करून, एसटीचे भाडे खर्चून त्या सिन्नरला गेल्या. तिथे कळले, मुलाखत पुढे ढकलली आहे! 'पुट ऑफ'चा अर्थच तो. एका लहानशा शब्दापायी ताईंची दिवसाची मजुरी बुडाली.

चूक ताईंच्या बुद्धीची नव्हती. इंग्रजीची ही रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती. ती आज आपण समजून घेऊ.

इंग्रजीत पुष्कळ क्रियापदांना मागून एक छोटा शब्द जोडतात. ऑन, ऑफ, अप, आउट, इन, आफ्टर हे ते शब्द. आपण त्याला शेपटी म्हणू. शेपटी बदलली की अर्थ बदलतो.

हे आपल्याला नवे नाही. आपणही म्हणतो, "लग्न पुढे ढकलले." तिथे हाताने कोण ढकलतो? "पोरगं मागे लागलं", "तक्रार मागे घेतली", असेही आपण बोलतो. 'लागणे' निराळे आणि 'मागे लागणे' निराळे. मराठीत असा छोटा शब्द आधी येतो. इंग्रजीत तो मागून येतो, एवढाच फरक.

आता नेहमीचे शब्द पाहू.

पुट ऑन – अंगावर घालणे. हेल्मेट 'पुट ऑन' करा, म्हणजे डोक्यावर घाला.
पुट ऑफ – पुढे ढकलणे.
पुट आउट – विझवणे. आग 'पुट आउट' करतात.
टर्न ऑन – चालू करणे.
टर्न ऑफ – बंद करणे.
लुक फॉर – शोधणे.
लुक आफ्टर – सांभाळणे. आजी नातवाला 'लुक आफ्टर' करते.
फिल इन – फॉर्ममधील मोकळ्या जागा भरणे.
गिव्ह अप – सोडून देणे.
कॅरी ऑन – चालू ठेवणे.

कधी एकाच जोडीचे दोन अर्थ होतात. काळारामाच्या देवळात जाताना आपण चपला काढतो, ते 'टेक ऑफ'. ओझरच्या विमानतळावरून विमान आकाशात उडते, तेही 'टेक ऑफ'. अशा वेळी पुढचामागचा मजकूर वाचावा, म्हणजे उलगडा होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेपटी कधी कधी दूर जाऊन बसते. 'टर्न ऑफ द मशीन' आणि 'टर्न द मशीन ऑफ' या दोन्हींचा अर्थ एकच, यंत्र बंद करा. यंत्राचे नाव न घेता 'ते' म्हणायचे असेल, तर मात्र 'टर्न इट ऑफ' असेच म्हणतात. म्हणून वाक्य शेवटपर्यंत वाचावे. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. यंत्र पुसण्यापूर्वी ते 'ऑफ' करायचे असते. तिथे 'ऑन' आणि 'ऑफ' यांची गल्लत झाली, तर बोटे जायची.

यातल्या काही जोड्या तर आपल्या तोंडी केव्हाच रुळल्या आहेत. द्राक्षांचे क्रेट वाहणारी गाडी 'पिकअप'. 'पिक अप' म्हणजे उचलून घेणे. एसटी वाटेत बंद पडली की आपण म्हणतो, "गाडी ब्रेकडाऊन झाली." 'ब्रेक डाउन' म्हणजे बिघडून बंद पडणे. दवाखान्यातले 'चेकअप'ही त्याच घराण्यातले. तेव्हा भिण्याचे कारण नाही.

शेपटीचा अर्थ कळला नाही, तर अंदाजाने चालू नये. कुणाला तरी विचारावे. विचारण्यात लाज कसली? त्या ताई आता निरोप आला की आधी वर्गात आणून दाखवतात. नव्या तारखेला त्या मुलाखतीला वेळेवर गेल्या.

अभ्यास
१. 'पुट ऑन' आणि 'पुट ऑफ' यांत फरक काय?
२. यंत्र पुसण्यापूर्वी काय करावे, 'टर्न ऑन' की 'टर्न ऑफ'?
३. रस्त्यावरच्या किंवा कामावरच्या पाट्यांवर अशा दोन जोड्या शोधा. त्या वहीत लिहून वर्गात आणा.
४. शिकणे 'गिव्ह अप' करावे की 'कॅरी ऑन'? एका वाक्यात लिहा.