टाचदुखी : वातकंटक की तळव्याचा मेदक्षय?

धानाच्या बांधीतून परतून सिमेंटच्या फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील रुग्णांच्या टाचदुखीस आपण बहुधा वातकंटक म्हणतो. सुश्रुतांनी त्याचे कारण विषम पदन्यास सांगितले आहे. मात्र भेद पाहावा. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ बहुधा तळव्याच्या कंडरेची. टाचेच्या मध्यभागी, कठीण जमिनीवर वाढणारी वेदना मेदाची गादी झिजल्याची. निरोगी गादी सुमारे १८ मि.मी. जाड असते, वार्धक्य व वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने तिचा क्षय करतात. पिट्सबर्ग विद्यापीठात स्वमेद-रोपणाने वेदना कमी झाली, परंतु जाडी टिकली नाही. पादाभ्यंगाने गादी पुन्हा भरते, असे आश्वासन आम्ही देत नाही. मऊ पादत्राण, वजननियंत्रण व अभ्यंग सुचवितो. मधुमेही रुग्णाची तळव्याची संवेदना प्रथम तपासावी. बधिर पायास शेक देऊ नये.