आत्याचे कानमंत्र: आठ वजीर आणि बाइटांची कात्री

चिंगे, आठ वजीर पटावर असे बसवायचे की कुणी कुणाला मारू नये, आणि अशा सगळ्या मांडण्या छापणारा पायथनचा प्रोग्रॅम जमेल तितका आखूड करायचा, हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलंय म्हणे. कोड गोल्फ म्हणतात याला. या खेळात पडायच्या सगळ्या खड्ड्यांत तुझी आत्या पडून झालीय, म्हणून हे चार शब्द.

1. आधी ऐसपैस लिही, चालव, मगच कात्री काढ — न शिवलेला झगा आखूड होत नाही.

2. अक्षरांआधी पटाचा विचार कर. चौसष्टातून आठ घरं निवडत बसलीस तर 442 कोटींहून जास्त मांडण्या तपासाव्या लागतील. प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत एकेकच वजीर धरलास तर फक्त 40,320 — मोठी काटकसर कोठारात होते, डब्यात नाही.

3. तिरप्या रांगा डोळ्यांनी शोधू नकोस. आडव्या-उभ्या रांगांच्या क्रमांकांची बेरीज एका तिरपीवर सारखीच येते, वजाबाकी दुसरीवर; दोन्ही वेगवेगळ्या सेटमध्ये टाक आणि आठच्या आठ उरतात का बघ — सेट एकाच पाहुण्याला दोन पाट मांडत नाही.

4. दोन्ही सेटची लांबी 8 आहे का, असं विचारू नकोस. दोन लांबींच्या मधे नुसतं >7< लिही — आठाच्या वर आकडा जाऊच शकत नाही, म्हणून साताला दोन्हीकडून चिमटा काढला की पुरे. ==8== पेक्षा दोन बाइट कमी! हे सुचलं त्या रात्री मी तुझ्या काकांना उठवून सांगितलं. ते कूस बदलून झोपले.

5. प्रत्येक कापणीनंतर चार घरांचा छोटा पट चालवून बघ, उत्तरं 2 यायला हवीत — वजाबाकीची तिरपी कात्रीत गेली तर 7 येतात, आणि त्यातल्या एकात चारही वजीर एका रेषेत भजनाला बसल्यासारखे दिसतात. मला हे दोन दिवसांनी दिसलं, तोवर मी स्वतःवर खूश होते.

6. मोठ्या पटावर 92. कमी आली तर रडू नकोस — 1850 साली गाऊससारख्या गणितीची मोजणीही आधी 76 वरच थांबली होती.

7. टोपणनाव देण्याआधी हिशोब कर. रेंजचा आठ अक्षरी तुकडा तीनदा लागतो, म्हणजे 24. एकाक्षरी नाव ठेवून नवी ओळ धरली तरी 14 — एकदाच लागणाऱ्याचं मात्र बारसं करू नये, पेढेच महाग पडतात.

8. आयात करताना 'परम्युटेशन्स' हे बारा अक्षरी नाव लिहू नकोस, तारा टाक — 34 बाइटांचे 22 होतात.

9. मराठीचं प्रेम इथे आवर. 'वजीर' हे नाव पायथनला चालतं, पण 12 बाइट खातं — आपलं प्रत्येक अक्षर आणि वर त्याची वेलांटीही यूटीएफ-8 मध्ये तीन-तीन बाइट घेते.

10. आतल्या ओळीला चार नाही, एकच स्पेस दे. आणि एडिटर शेवटी गुपचूप नवी ओळ जोडतो का ते बघ — एका बाइटासाठी जागलीस आणि तोच फुकट गेला तर फार लागतं.

11. चालणारी प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फाइलीत ठेव — रात्री दोन वाजता कापलेलं सकाळी शिवता येत नाही.

12. ही सवय नोकरीच्या कामात नेऊ नकोस. मी एकाक्षरी नावांचा असाच एक ताजमहाल बांधला होता. सहा महिन्यांनी त्यातला बिघाड शोधायला मलाच बसवलं — तो कोणी लिहिला असेल म्हणून मी मनातल्या मनात बऱ्याच शिव्याही दिल्या.

माझा प्रोग्रॅम 124 बाइटांवर अडलाय. तुझा 123 झाला तर फोन कर, पण रात्री दहाच्या आत. काकांना पुन्हा उठवणार नाही मी.