राजीनामा पाठवू नकोस

सातारा,
गुरुवार

चि. सौ. सोनूस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ठेवता ठेवता म्हणाली, "सोनू नोकरी सोडतेय. पत्र लिहून तयार आहे म्हणे, महिनाअखेरीला देणार." कारण विचारलं तर म्हणाली, "विहीणबाईंचं म्हणणं पडलं की दगदगीनं दिवस राहत नाहीत. वर्षभर घरी बस, मग बघ." आणि तू हो म्हणालीस. मला रात्रभर झोप नाही. फोन केला असता तर "बरी आहे गं मी, मावशी" म्हणून तू दोन मिनिटांत मला वाटेला लावलं असतंस, म्हणून लिहायला बसले आहे. हे पत्र एकटीनं वाच.

आधी रागावून घेते. आहेर घ्यायचा नाही म्हणून स्वतःच्या लग्नात बापाशी आठ दिवस अबोला धरणारी मुलगी तू. भाऊजींनी शेवटी पत्रिकेत तसं छापलं, तेव्हा बोललीस. तुझ्या वतीनं दुसऱ्या कुणी हो म्हटलेलं तुला कधी चाललं नाही. मग आता एवढ्या मोठ्या गोष्टीला तू मान खाली घालून हो कशी म्हणतेस?

दगदगीचं म्हणशील, तर आज सकाळीच मी विचारून घेतलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तुझं नाव न घेता तिच्याशी बोलले. ती म्हणाली, "बाई, हे रोज कुणी ना कुणी विचारतं." 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 अभ्यास एकत्र करून साडेतीन हजारांवर बायकांचा हिशेब मांडला होता. टेस्टट्यूबचे उपचार सुरू होण्याआधी जिला ताण होता तिची सायकल, म्हणजे उपचारांची खेप, जास्त फसली, असं त्यात आढळलं नाही. गर्भ सोडल्यावर अंथरुणाला खिळून राहिल्यानंही काही साधत नाही. गर्भ रुजत नाही तेव्हा पुष्कळदा दोष त्या गर्भाच्याच गुणसूत्रांत असतो आणि तो पहिल्या दिवसापासून तिथे असतो. तुझ्या ऑफिसच्या जिन्यावर तो तयार होत नाही, रात्री उशिरापर्यंत आराखडे तपासल्यानं होत नाही. दोन्ही वेळा गर्भ रुजला नाही हा निकाल ऐकून "मी त्या आठवड्यात साइटवर गेले होते ना" असं तू आईला म्हणालीस. ते डोक्यातून काढून टाक. तुझ्या कामानं तुझं काहीही नुकसान केलेलं नाही.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही, तरी लिहिते. इक्सी कशासाठी करावी लागली ते आपल्या घरात तिघींना ठाऊक आहे, तुला, तुझ्या आईला आणि मला. जावईबापूंच्या रिपोर्टात शुक्राणू कमी आले म्हणून प्रयोगशाळेत एकेका बीजात एकेक शुक्राणू सुईनं सोडावा लागला. तुझा एएमएच, म्हणजे बीजांचा साठा, चांगला, नळ्या मोकळ्या, सगळं ठीक. आणि तुझ्या सासरी अजून हेच माहीत की सुनेत काहीतरी कमी आहे! इंजेक्शनं तुझ्या पोटावर, बीजं काढायची भूल तुला, त्यानंतरच्या गोळ्या तुला, आणि वर नोकरी सोडायची तीही तूच?

दिवाळीत तू इथे होतीस तेव्हा मी पाहिलं आहे. रात्री नऊ वाजता फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यातून, कोथिंबिरीच्या जुडीमागून तो स्टीलचा डबा काढलास. ओट्याशी पाठ करून उभी राहिलीस, बेंबीपासून दोन बोटं सोडून कातडी चिमटीत धरलीस, इंजेक्शनचं पेन टोचलंस, मनात दहा आकडे मोजलेस आणि सुई काढून पदराच्या टोकानं जागा दाबलीस. मग हात धुऊन चकलीच्या पिठात मोहन घालायला बसलीस. बाहेर गप्पा चालल्या होत्या, कुणाला काही कळलं नाही. आदल्या दिवशीची उजवीकडची जागा निळी पडली होती. मी काही बोलले नाही, कारण तुला ते नको होतं. पण सोनू, माझ्या घरातसुद्धा तुला तो डबा कोथिंबिरीमागे लपवावासा वाटला, हे मला अजून लागतं.

जावईबापू वाईट नाहीत, मला ठाऊक आहे. सकाळी सातच्या सोनोग्राफीला ते रजा काढून येतात, बिलं भरतात, तू रडलीस की गप्प बसून राहतात. आईसमोर मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यांना लाज वाटत असेल. पुरुषाला कुणी या गोष्टीबद्दल बोलायला शिकवलेलंच नाही. त्यांना सांग की जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल न होण्याचा प्रश्न येतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा आकडा आहे. आणि मूल होत नाही अशा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं. त्यात कमीपणा कसला? त्यांनी आईजवळ बसून एकदाच सांगावं, "आई, अडचण माझ्या रिपोर्टात आहे. हिला काही बोलू नकोस." एवढं वाक्य बोलायला त्यांना महिना लागला तरी चालेल. पण त्या वाक्याच्या बदल्यात तू तुझी नोकरी देऊ नकोस.

नणंदेच्या डोहाळजेवणाचंही मला कळलंय. बीजं काढून चार दिवस झालेले, पोट फुगलेलं, परकराची नाडी बसत नाही, आणि तू पंगतीत वाढत होतीस. ओटी भरायची वेळ आली तेव्हा कुणीतरी ताट तुझ्या हाताशी येऊ दिलं नाही, पुढच्या बाईकडे सरकवलं. तू हसून बाजूला झालीस. दुसऱ्या दिवशी धाप लागली म्हणून दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. बीजं काढल्यावर पोट असं झपाट्यानं फुगलं, वजन दिवसाला किलोकिलोनं वाढायला लागलं, लघवी कमी झाली की तडक डॉक्टर गाठायचा असतो, हे तुला कागदावर लिहून दिलेलं होतं. पुन्हा कधी बीजं काढायची वेळ आलीच तर त्या आठवड्यात डोहाळजेवण नाही, बारसं नाही, हळदीकुंकू नाही. "बरं नाही" म्हणून जावईबापूंनी फोन करायचा. रुसणारे रुसतील आणि विसरतील.

मी इतकं का चिडते ते तुला तुझ्या आईनं कधी सांगितलं नसेल. ती तेव्हा कॉलेजात होती, तिलाही सगळं माहीत नाही.

मी मुलींच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवत होते. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तरी काही नाही, तेव्हा सगळ्या तपासण्या माझ्या झाल्या. क्युरेटिंग झालं, नळ्यांचा फोटो झाला. त्या फोटोच्या वेळच्या कळा मी आजही विसरलेले नाही. काकांची तपासणी करावी, असं डॉक्टरांपासून सासूबाईंपर्यंत एकाच्याही तोंडून निघालं नाही, आणि माझ्याही नाही. मग कुणीतरी म्हणालं, उभं राहून शिकवणं बाधतं. 1982 च्या मे महिन्यात मी शाळेत राजीनामा दिला. आमच्या मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "रजा घ्या, सोडू नका." पण घरात सगळ्यांना बरं वाटावं, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

त्यानंतर माझ्या सगळ्या दिवसांना एकच काम उरलं, वाट बघणं. वर्गात असताना महिन्याची तारीख कधी आली नि गेली ते कळत नसे. घरी बसल्यावर मी तारखाच मोजू लागले. चार दिवस वर गेले की देवापुढे बसायचं, पाचव्या दिवशी पाळी आली की बाथरूमची कडी लावून रडायचं. नारायण नागबळीला त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो, उपास केले, कुणी दिलेला अंगारा घेतला. दुपारी गल्लीतल्या बायका विचारायला यायच्या, आणि माझ्याकडे त्यांना सांगायला दुसरं काहीच नसायचं.

1986 च्या ऑगस्टमध्ये पेपरात बातमी आली, मुंबईला केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्टट्यूब बेबी जन्मली. मुलीचं नाव हर्षा. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते, आज तू आहेस तेवढीच. बातमी काकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली, घडी केली आणि कपाटात ठेवली. मुंबईला जाऊ या, असं ते बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. त्या दिवशी मला शाळा असती तर, सोनू, निदान सकाळी दहाला जायला एक जागा असती. तिथे चाळीस मुलींना समीकरण सोडवायचं असतं, तुमच्या पोटात काय आहे आणि काय नाही हे कुणी विचारत नाही. पुढे मी परत जायचं ठरवलं तेव्हा जागा भरली गेली होती. ओटीवर शिकवण्या घेतल्या, मुली आल्या, त्यांनी जीवही लावला. पण वर्ग तो वर्ग. मूल नाही याचं दुःख वयाबरोबर बोथट होत गेलं. शाळा सोडल्याचं झालं नाही.

म्हणून पुन्हा सांगते, राजीनामा पाठवू नकोस.

गेल्या पावसाळ्यात तू मला तुझ्या सांडपाण्याच्या प्लांटवर नेलंस. पिवळं हेल्मेट माझ्या डोक्यावर तूच बसवलंस आणि टाकीच्या कठड्याशी उभी राहून, कुठल्या टाकीत हवा सोडतात, गाळ कुठे बसतो, पाणी शेवटी नदीत जाताना किती स्वच्छ असतं, हे हात हलवून हलवून सांगत होतीस. तिथली तुझ्या दुप्पट वयाची माणसं "मॅडम" म्हणून तुला येऊन विचारत होती. त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी गेल्या दोन वर्षांत दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. ते घालवून तू कुणाला सुख देणार आहेस?

व्यवहाराचंही बघ. एका सायकलला लाख-दोन लाख सहज जातात. साध्या आरोग्यविम्यात हा खर्च सहसा बसत नाही. तुझ्या कंपनीच्या विम्यात थोडा बसतो, हे तूच सांगितलंस. नोकरी गेली की तो विमाही गेला. मग भाऊजी ठेवी मोडायला निघतील, आणि प्रत्येक पैशाबरोबर तुझ्यावरचं ओझं वाढेल.

घाई कशाची आहे तेही मला कळत नाही. तुझे दोन गर्भ गोठवलेले आहेत ना? गोठवलेल्या गर्भाचं वय वाढत नाही, आणि 2021 च्या कायद्यानं ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. दमली असशील तर तीन महिने थांब. डॉक्टरांना सांग, थांबते आहे. सोनोग्राफी नाही, इंजेक्शन नाही, ॲपमधल्या तारखा नाहीत. रजा घे, हवी तर बिनपगारी घे, घरून काम माग. सोडायचंच असेल काही, तर थोडे दिवस उपचार सोड.

रागावून झालं. आता मला एकच विचारायचं आहे. ऑफिसात तुझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी सातव्या महिन्यात आहे, असं मागे म्हणाली होतीस. राजीनाम्यामागे तेही आहे का? रोज तिच्यासमोर बसणं जड जात असेल, तर त्यात तुझं मन वाईट आहे असं समजू नकोस. मलाही जड जायचं. तुझ्या आईला दिवस राहिले तेव्हा मी महिनाभर माहेरी गेले नाही. पुढे तू झालीस, तुला मांडीवर घेतलं आणि ते सगळं कुठल्या कुठे गेलं. म्हणून जागा बदलून माग, दुसऱ्या मजल्यावर बस, डबा वेगळ्या वेळी खा. कारण सांगायची गरज नाही.

आणि हे सगळं वाचूनही नोकरी सोडावी असं तुला तुझ्या मनानं वाटत असेल, कुणी सांगितलं म्हणून नाही, तर मी एक शब्द बोलणार नाही. तसंच उपचारांचंही. पुढच्या खेपेला यश आलं तर मी बाळंतविडा घेऊन येईन. नाही आलं आणि तुम्ही दत्तक घ्यायचं ठरवलंत तरी येईन. आणि दोघांनीच राहायचं ठरवलंत तर त्या निर्णयाच्या बाजूनं सगळ्या नातेवाइकांशी बोलायला मी उभी आहे. मूल झालं तरच तू पुरी होशील, असं मी कधीही मानलेलं नाही. माझ्यासाठी तू आहेस तेवढी पुष्कळ आहेस, पहिल्यापासून.

शनिवारी दोघंही इकडे या. तू झोप काढ, मी उठवणार नाही. जावईबापूंना घेऊन मी सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाईन. त्यांना रागावणार नाही, माझं आणि काकांचं काय झालं तेवढंच सांगेन. काका गेल्यापासून हे मी कुणापाशी बोलले नाही, पण तुझ्यासाठी बोलेन. राजीनाम्याचं ते पाकीट तेवढं तोवर ड्रॉवरमध्येच राहू दे. शनिवारी येणार की नाही, ते पत्र वाचलंस की फोन करून सांग.

तुझी,
थोरली मावशी