दात जुळतात का, ते विचारा

माझ्या मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि घरच्यांच्या जिवात जीव आला. हनुवटीला टाके होते, तोंड सुजलं होतं. पण "डोक्याला काही नाही" एवढं कळल्यावर बाकीचं सगळं किरकोळ वाटू लागलं. अपघात झालेल्या घरात हे वाक्य देवाच्या प्रसादासारखं घेतलं जातं. ते घ्यावंच, पण तिथेच थांबू नये, हे सांगण्यासाठी हा लेख.

ऊस गाळपाचा हंगाम होता. आमच्या सांगली जिल्ह्यात त्या दिवसांत रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेला ऊस आणि पाचट चिरडून पसरलेलं असतं, वर सकाळचं दव. शाळेत जाताना स्कूटीचं पुढचं चाक त्यावरून सटकलं आणि मी हनुवटीवर आपटले. हेल्मेट होतं, आयएसआय मार्कचं, पट्टा नीट लावलेला. त्यानं कवटी वाचवली. पण ते समोरून उघडं होतं. सगळा मार हनुवटीनं घेतला.

मला पहिला आधार दिला तो शेजारच्या फडातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांनी. त्यातल्या एका मावशींनी मला आडवं होऊ दिलं नाही. पुढं वाकवून बसवलं, तोंडातलं रक्त थुंकायला लावलं. ते किती योग्य होतं, हे मला नंतर सर्जननी समजावलं. जबडा मोडला की जीभ मागं सरकून श्वास अडवू शकते, रक्तही घशात उतरतं. म्हणून शुद्धीवर असलेल्या, मानेत दुखत नसलेल्या माणसाला पुढं झुकवून बसवावं. बेशुद्ध असेल किंवा मानेला मार असेल, तर दोघातिघांनी मिळून डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावं आणि 108 ला फोन करावा. चेहरा रक्तानं माखलेला पाहून लोक तोंड पुसत बसतात. आधी श्वास बघायचा असतो. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ काही येत असेल तर बोळा कोंबू नये, नाक शिंकरू देऊ नये. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं.

दवाखान्यात जखम शिवली, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, घरी सोडलं. मऊ भात खायला घेतला तेव्हा कळलं, मागच्या दाढा एकमेकींना टेकतात पण पुढचे दात मिटतच नाहीत, मध्ये फट राहते. कानापुढं कळ येई. विचारलं तर उत्तर मिळालं, सूज उतरली की बसेल. सूज उतरली, फट तशीच राहिली. अखेर दातांच्या डॉक्टरांनी ओपीजी काढला, म्हणजे सगळा जबडा एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे. दोन्ही कानांपुढं जबड्याची टोकं सांध्याजवळ मोडली होती आणि हनुवटीतही बारीक भेग होती.

खालचा जबडा बांगडीसारखा असतो. दाब एका जागी पडला तरी तडा बहुधा दुसरीकडेही जातो. हनुवटीवरचा मार हाडातून थेट कानापुढच्या सांध्यांपर्यंत पोहोचतो. कवायतीत उभे असलेले सैनिक भोवळ येऊन तोंडावर पडले की नेमकं हेच मोडतं, म्हणून इंग्रज डॉक्टरांनी या दुखापतीला पहारेकरी सैनिकांचं नाव दिलं. म्हणजे वैद्यकाला ही गोष्ट जुनी माहीत आहे. तरीही हनुवटीचे टाके घालताना कानापुढं बोट ठेवून कुणी तपासलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा चेहऱ्याला मार लागलेल्या माणसाला घरच्यांनी स्वतः विचारावं: दात नेहमीसारखे जुळतात का? खालचा ओठ किंवा डोळ्याखालचा गाल बधिर आहे का? एकाचे दोन दिसतात का? तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का? जिभेखाली काळंनिळं झालंय का? दात जुळत नसतील, किंवा बाकीच्यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर मॅक्सिलोफेशियल सर्जनना, म्हणजे तोंड आणि जबड्याच्या शल्यचिकित्सकांना, दाखवण्याचा आग्रह धरावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत ही सोय आहे.

पडलेला दात कुणी शोधत नाही, तो शोधावा. पक्का दात असेल तर मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरावा, माती असेल तर क्षणभर धुवावा, घासू नये, आणि माणूस शुद्धीवर असेल तर तिथल्या तिथं खोबणीत बसवावा. जमत नसेल तर थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

माझे वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधले. हा काळ साधारण चार ते सहा आठवड्यांचा असतो; कुणाला टायटॅनियमच्या पट्ट्या बसवतात, मग इतके दिवस बांधावं लागत नाही. या दिवसांत नाचणीची पेज, गाळलेलं वरण, ताक, दूध यांवर राहावं लागतं. वजन उतरतं, म्हणून पेजेत तूप आणि शेंगदाण्याचं दाटसर दूध घालत जावं. उशाशी तार कापायची कात्री ठेवावी आणि कुठली तार कापायची ते घरातल्या दोघांनी तरी डॉक्टरांकडून शिकून घ्यावं, कारण उलटी झाली तर क्षणाचाही विलंब चालत नाही. तारा निघाल्यावर तोंड उघडण्याचा व्यायाम टाळला तर सांधा आखडतो. दुखतं, पण करायचाच.

खर्चाचं आधीच विचारा. मे 2025 मध्ये केंद्र सरकारनं रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली: ठरवून दिलेल्या रुग्णालयांत दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून 7 दिवस. जबड्याची शस्त्रक्रिया अनेकदा सूज उतरेपर्यंत थांबवतात, आणि निदानच उशिरा झालं तर हे दिवस हातातून जातात. दुसरी भीती पोलिसांची. जखमीला सद्भावनेनं दवाखान्यात आणणाऱ्यावर पोलीस किंवा कोर्ट जबाबदारी टाकू शकत नाही; मोटार वाहन कायद्यातलं 134अ हे कलम त्यासाठीच आहे. आमच्या भागात लोक अजून याच भीतीनं थांबत नाहीत.

हेल्मेट घेताना हनुवटी झाकणारं घ्या. कायदा अर्ध्यावरही समाधानी असतो, रस्ता नसतो. मागं बसणाऱ्यालाही तसंच हवं.

तपासणीच्या रांगेत मला एक मुलगा भेटला होता. वडिलांनी मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीवर बसवलेला असताना ब्रेक लागला आणि तो हनुवटीवर पडला. जखम भरली, सगळे विसरले. पुढं त्याचं तोंड कमी कमी उघडत गेलं, आता जेमतेम एक बोट आत जात होतं. मुलांच्या जबड्याच्या वाढीत कानापुढच्या या टोकाचा मोठा वाटा असतो. मार लागून सांधा हाडानं जुळला तर तोंड मिटून राहतं आणि हनुवटी वाढायची खुंटते. त्याच्यावर सांधा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया ठरली होती. म्हणून मूल हनुवटीवर पडलं, तर जखम भरल्यावरही पुढची काही वर्षं अधूनमधून त्याचं तोंड उघडून बघा. त्याचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जायला हवीत. जात नसतील तर वाट न पाहता सर्जन गाठा.