निळी पट्टी

पिंगुळी, ता. कुडाळ

चि. बायो,


परवा राऊळ महाराजांच्या मठात तुमच्या लॅबमधला तो झारापचा मुलगा भेटला. हसत हसत सांगत होता, की रात्रपाळीत बिनहवेचा जार उघडला तेव्हा आतली पट्टी निळीच होती, तरी तू प्लेटा वाचल्यास आणि रिपोर्टवर मेट्रोनिडॅझोलपुढे ‘आर’ लिहिलंस, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. प्रसादाचा घास माझ्या घशाखाली उतरेना.

पट्टी निळी म्हणजे जारमध्ये हवा, हे मी तुला सांगायचं? ते औषध जंतूच्या पोटात जाऊन रूप पालटतं तेव्हाच मारक होतं. प्राणवायू असला की पुन्हा मूळपदावर येतं. मग डिस्कभोवती जंतू मरून झोन पडणार कसा? दोष झाकणाचा आणि नाव जंतूचं. त्या एका ‘आर’पायी पेशंटचं स्वस्तातलं मेट्रोजिल बंद होतं आणि महागडं इमिपेनेम सुरू होतं. पाय कुजलेला एखादा मधुमेही शेतकरी असला, तर घरची म्हैस विकावी लागते गो.

खरा ‘आर’ नसतोच असं नाही. बॅक्टेरॉइड्समध्ये या औषधाला निष्प्रभ करणारी ‘निम’ जनुकं सापडतात, हे तुझ्याच जुन्या वह्यांत वाचलंय; दुपारी त्याच घेऊन बसतो मी. पण लिहिण्याआधी तीच कॉलनी साध्या हवेत लावून बघायची. तिथेही उगवली तर तो जंतू हवा टाळणारा ॲनएरोब नव्हेच. कंट्रोलचा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स मेट्रोनिडॅझोलची डिस्क लावून त्याच जारमध्ये ठेवायचा. त्याचा झोन आखडला तर अख्खा जार बाद. तरीही शंका उरली तर अगार डायल्यूशन करणाऱ्यांकडे पाठवायचं. तिथे ब्रुसेला अगार, हेमिन, व्हिटॅमिन के, मेंढीचं रक्त, आणि वर ४२ ते ४८ तासांची वाट. २०२२ साली युरोपवाल्यांची डिस्कची पद्धत आली, ती १८ तासांच्या आसपास वाचता येते, तेव्हापासून तुम्हा पोरांना कुठे धीर आहे! तुझी मामी लोणच्याची बरणी बांधताना कड तीनदा पुसते. तसं ते झाकण बघत जा.

माझं आयुष्य मलेरियाच्या काचा आणि थुंकीचे नमुने बघण्यात गेलं. गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जाऊन कल्चर शिकायची संधी चालून आली होती. तुझे आजोबा म्हणाले, शेती कोण बघणार? मी मान खाली घालून उभा राहिलो. अजून सलतं ते. तोंड न उघडण्याची खोड आमच्या घरातलीच. तुझी आई तशीच. म्हणून जीव धास्तावतो. पट्टी तुला दिसली असणारच, पण वर कुणाला तरी रिपोर्ट तातडीने हवा होता आणि तू गप्प बसलीस. ‘सर, जार गळतोय, पुन्हा लावते,’ एवढंच तर म्हणायचं होतं.

फार बोललो. तो पोरगा फुशारक्याही मारत असेल. मागच्या खेपेला आलीस तेव्हा डोळे खोल गेले होते तुझे. रात्रपाळीत पोटात काही ढकलतेस का? मामीने आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय.

गणपतीचं तिकीट आताच काढ, मागाहून तुतारी एक्सप्रेसमध्ये उभं राहायलाही जागा नसते. कुडाळ स्टेशनवर मी येतो न्यायला. त्या पेशंटचा रिपोर्ट दुरुस्त करून पाठवलास का, तेवढं फोनवर कळव. नसला पाठवलास तरी ये. मग दोघं बसून बघू.

तुझा,
मामा