डोक्याची जखम आणि त्यानंतरचे दिवस

हात मोडला तर प्लास्टर दिसते, पाय मोडला तर काठी दिसते. परंतु डोक्याला जबर मार बसलेला माणूस वाचला, टाके निघाले, केस पुन्हा वाढले, की तो पूर्ण बरा झाला असे आपण समजतो. हा समज किती अपुरा आहे, आणि त्यामुळे बऱ्या होऊ पाहणाऱ्या माणसाचे किती नुकसान होते, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा माझा प्रयत्न आहे. मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नाही. मानसशास्त्र हा माझा एक विषय आहे आणि हा प्रश्न गेली दोन वर्षे माझ्या घरात आहे, एवढाच माझा अधिकार.

मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के भरणारा हा अवयव शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के एकटा वापरतो. डोके आपटले की मेंदू कवटीच्या आत हलतो. म्हणून मार एका बाजूला लागला तरी विरुद्ध बाजूलाही इजा होऊ शकते. पहिली इजा त्या क्षणी होते. दुसरी पुढील काही तासांत व दिवसांत होते : रक्त साकळते, सूज येते, प्राणवायू कमी पडतो. यासाठीच बेशुद्ध माणसाला कांदा हुंगवत बसू नये आणि पाणी तर मुळीच पाजू नये; ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते. त्याची मान न हलवता १०८ क्रमांकाला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर कायद्याची जबाबदारी येत नाही, अशी तरतूद २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात आहे.

आपल्याकडील एक प्रसिद्ध उदाहरण क्रिकेटपटू नरी कॉन्ट्रॅक्टर यांचे आहे. १९५९ साली लॉर्ड्सच्या मैदानावर बरगड्या मोडलेल्या असतानाही त्यांनी ८१ धावा काढल्या होत्या. मार्च १९६२ मध्ये भारतीय संघाचे कर्णधार म्हणून ते वेस्ट इंडीजमध्ये असताना बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला. त्या काळी हेल्मेट नव्हते. कवटी फुटली आणि सहा दिवस ते बेशुद्ध होते. त्यांच्यासाठी वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. आपल्या बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे आणि पॉली उम्रीगर यांनीही दिले. पुढे वेल्लोर येथे डॉ. जेकब चँडी यांनी त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली. ती साठ वर्षांनी, २०२२ साली, मुंबईत काढण्यात आली. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट अनेक वर्षे खेळले. मात्र कसोटी सामना त्यांना परत खेळायला मिळाला नाही. त्यांना बरे झालेले म्हणायचे की नाही? माझ्या मते नक्कीच म्हणायचे. बरे होणे म्हणजे पूर्वीच्याच जागी जाऊन उभे राहणे, एवढाच अर्थ आपण धरला तर पुष्कळ माणसांवर अन्याय होईल.

आता आमच्या घरातील गोष्ट. माझा थोरला भाऊ गळीत हंगामात रात्री मोटारसायकलवरून येताना बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. तीन आठवड्यांनी दादा चालत घरी आला तेव्हा गावाने पेढे मागितले. त्यानंतरचे दिवस मात्र गावाला दिसले नाहीत. दुधाचा हिशेब त्याला जुळेना. एकच प्रश्न तो पाच वेळा विचारी. आठवडे बाजाराच्या गलक्यात त्याचे डोके दुखे. पूर्वी शांत असलेला दादा वहिनीवर ओरडू लागला आणि दुपारभर झोपून राहू लागला. वडील म्हणाले, "कामाचा कंटाळा आलाय त्याला." भावकीतल्या कोणी बाहेरचे बघायला सांगितले. वहिनी तेवढी म्हणत राहिली, "ते असे नव्हते, त्यांना काहीतरी होतंय." तिचे निदान बरोबर होते.

मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की राग आवरणे, कामाचा क्रम लावणे, लक्ष टिकवणे या गोष्टी अवघड होतात. थकवा लवकर येतो, कारण पूर्वी सहज होणाऱ्या कामाला आता जास्त श्रम पडतात. हा आळस नव्हे आणि ढोंगही नव्हे. मेलेल्या पेशी सहसा परत येत नाहीत. पण सरावाने उरलेल्या पेशींमध्ये नवे संबंध जुळतात. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते, पुढे सावकाश होते, आणि ती वर्षानुवर्षे चालू राहू शकते.

डॉक्टरांनी समजावल्यावर आम्ही काही गोष्टी केल्या. दिवसाची कामे पाटीवर लिहिली. एका वेळी एकच काम सांगितले. झोपेची वेळ ठरवली. दारू पूर्ण बंद आणि फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या न चुकता चालू. आज दादा दोन म्हशींचे दूध स्वतः घालतो आणि हिशेब वहीत लिहून ठेवतो. मोटारसायकल तो चालवत नाही. वडील आता त्याला सकाळी हाक मारण्याआधी पाटी बघतात.

अमेरिकेतील फिनिअस गेज या रेल्वे कामगाराच्या डोक्यातून १८४८ साली लोखंडी पहार आरपार गेली. त्याचा स्वभाव पालटला, एवढेच पुस्तकांतून वाचायला मिळते. परंतु नंतर त्याने चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकली, हे फारसे सांगितले जात नाही. ठरलेल्या वेळेचे, ठरलेल्या रस्त्याचे काम त्याला सावरायला उपयोगी पडले असावे, असे काही अभ्यासकांना वाटते.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत मेंदूच्या दुखापतीचे स्वतंत्र नाव नाही. तेव्हा अशा माणसाची ओळख ठेवण्याचे काम प्रथम घराला, शेजाराला आणि शाळा-महाविद्यालयाला करावे लागते. आपल्या वर्गातही एखादा विद्यार्थी अपघातानंतर परत येईल. त्याला टिपणे द्यावीत, मागच्या बाकावरचा गोंधळ कमी करावा, उत्तर द्यायला दोन मिनिटे जास्त द्यावीत. गुरुजनांना आणि मित्रांना एवढीच विनंती आहे की, त्याच्या डोक्यावरची खूण दिसेनाशी झाली म्हणून त्याची गरज संपली असे समजू नये.